बाराव्या वर्षी शाळा सोडलेला संशोधक : मायक्रोवेव्ह ओव्हनचे जनक पर्सी स्पेन्सर

बंगळुरू शहरातील बेळ्ळंदूर हे एकेकाळी मोठ्या तलावाच्या काठी वसलेले गाव होते. बाह्य वर्तुळाकार मार्गालगत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली आणि त्यांच्या पाठोपाठ उंच गृहसंकुले आली. देशाच्या सर्व भागांतून, महाराष्ट्रातूनही, नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आता येथे राहतात. अशा एखाद्या नव्या घरात ओट्यावर मायक्रोवेव्ह ओव्हनचे खोके उघडले जाते, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत सूचनांची मोठी यादी असते. स्टीलचे भांडे आत ठेवू नये, अंडे उकडू नये, ओव्हन रिकामा चालवू नये, मागे मोकळी जागा सोडावी. बहुतेक घरांत ही यादी वाचली जाते, पण या सूचनांमागची कारणे कळत नाहीत.

ती कारणे समजून घेण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे हे उपकरण ज्यांच्यामुळे अस्तित्वात आले, त्या पर्सी लेबरॉन स्पेन्सर यांचे चरित्र. अमेरिकेतील या अभियंत्याने पदवी तर सोडाच, प्राथमिक शिक्षणही पूर्ण केले नव्हते.

पोरके बालपण

स्पेन्सर यांचा जन्म जुलै १८९४ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडील मेन राज्यात, हाउलंड या लहानशा गावी झाला. हा परिसर जंगलांचा आणि लाकडावर चालणाऱ्या गिरण्यांचा. पर्सी दीड वर्षाचा असताना वडिलांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच काळात आई त्याला नातेवाइकांच्या हवाली करून निघून गेली. काका-काकूंनी त्याचा सांभाळ केला; परंतु तो सात वर्षांचा असताना काकांचेही निधन झाले आणि घराची जबाबदारी लहान वयातच अंगावर आली.

वयाच्या बाराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि दोऱ्याची रिळे तयार करणाऱ्या गिरणीत काम धरले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबण्याचा हा क्रम काही वर्षे चालला. पुढे गावाजवळच्या कागद गिरणीत वीज येणार असल्याचे त्याच्या कानावर आले. त्या भागात विजेची माहिती असलेली माणसे फारच थोडी होती. पर्सीने मिळेल तेथून वाचून विजेविषयी जमेल तितके ज्ञान मिळवले आणि गिरणीत विजेची जोडणी करण्यासाठी निवडलेल्या मोजक्या कामगारांत स्थान मिळवले. त्या वेळी तो अवघा सोळा वर्षांचा होता. त्याला कोणाचेही औपचारिक मार्गदर्शन लाभले नव्हते.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक हे जहाज बुडाले. जहाजावरील बिनतारी संदेशवाहकांनी अखेरच्या क्षणापर्यंत मदतीचे संदेश पाठवल्याच्या बातम्यांनी अनेक तरुण भारावून गेले. स्पेन्सर त्यांपैकीच एक होते. त्यांनी नौदलात प्रवेश केला आणि बिनतारी तंत्राचा अभ्यास सुरू केला. रात्रीच्या पहाऱ्यावर उभे असताना पाठ्यपुस्तके वाचण्याची सवय त्यांनी लावून घेतली. त्रिकोणमिती, कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि धातुशास्त्र हे सर्व विषय त्यांनी अशाच रीतीने आत्मसात केले.

रेथिऑन कंपनीत

१९२२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे एक लहान कंपनी स्थापन झाली. पुढे ती रेथिऑन या नावाने ओळखली जाऊ लागली. तेव्हाचे घरगुती रेडिओ महागड्या बॅटरीवर चालत. रेथिऑनने तयार केलेल्या एका नळीमुळे ते थेट घरातील विजेवर चालवणे शक्य झाले आणि कंपनीला बाजारात स्थान मिळाले. स्पेन्सर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या कंपनीत दाखल झाले. निर्वात नळ्यांची रचना करण्यात त्यांचा हात धरणारे फारसे कोणी नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू झाले, तोपर्यंत शक्तिशाली नळ्यांच्या विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली होती.

याच सुमारास, १९४० च्या आरंभी, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट या भौतिकशास्त्रज्ञांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन ही नवी नळी तयार केली. तांब्याच्या जाड ठोकळ्यात मध्यभागी एक गोल पोकळी आणि तिच्याभोवती लहान लहान पोकळ्या, अशी तिची रचना. मधल्या तप्त दांड्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि चुंबकाच्या प्रभावाने गोल फिरू लागतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली घुमते. त्याप्रमाणे या फिरत्या इलेक्ट्रॉनांमुळे भोवतालच्या पोकळ्यांत विद्युतचुंबकीय कंपने निर्माण होतात. या कंपनांतून सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी मोठ्या शक्तीने बाहेर पडत. इतक्या आखूड लहरींमुळे रडार आकाराने लहान करून विमानात बसवता येणार होते आणि समुद्राच्या पृष्ठभागावर आलेल्या पाणबुड्यांचाही वेध घेता येणार होता.

सप्टेंबर १९४० मध्ये सर हेन्री टिझार्ड यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश शिष्टमंडळाने ही गुप्त नळी अमेरिकेत आणली. अडचण उत्पादनाची होती. तांब्याचा ठोकळा कोरून अतिशय अचूक पोकळ्या तयार करण्याचे काम निष्णात कारागिरालाच जमत असे आणि त्याला फार वेळ लागे. स्पेन्सर यांनी यावर साधा मार्ग काढला. ठोकळा कोरण्याऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यातून ठशाने चकत्या कापायच्या, त्या एकावर एक रचायच्या आणि भट्टीत तापवून जोडून टाकायच्या. लहानपणी गिरणीच्या यंत्रांजवळ घालवलेली वर्षे येथे कामी आली असावीत. या आणि अशाच इतर सुधारणांमुळे कंपनीचे उत्पादन वाढत जाऊन दिवसाला सुमारे २,६०० मॅग्नेट्रॉनपर्यंत पोहोचले. या कामगिरीबद्दल अमेरिकी नौदलाने नागरिकांना दिला जाणारा आपला विशिष्ट लोकसेवा पुरस्कार स्पेन्सर यांना प्रदान केला.

घरातील ओव्हनच्या पोलादी आवरणाआड, नियंत्रणाच्या बटणांमागे, आजही ही मॅग्नेट्रॉन नळीच असते. ती आकाराने मुठीत मावेल एवढी झाली आहे आणि तिच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आहे. तत्त्व मात्र १९४० चेच आहे. तिला चालवण्यासाठी भिंतीतील २३० व्होल्टची वीज काही हजार व्होल्टपर्यंत वाढवावी लागते. त्यासाठी असलेल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. बिघाड झाल्यास ओव्हनचे आवरण घरी उघडू नये, असे सांगितले जाते ते यामुळे. परदेशातून परतणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील ओव्हन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. भारतातील २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच्या विजेवर तो थेट जोडणे धोक्याचे आहे.

वितळलेली वडी

स्पेन्सर यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग युद्धाच्या अखेरीस घडला. सुरू असलेल्या मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातील खाऊची वडी वितळून गेली. ती चॉकलेटची होती, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. खारींना घालण्यासाठी ते बाळगत असलेली शेंगदाण्याची वडी होती, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते. नळ्यांजवळ ऊब जाणवते, हे तेथील इतरांनाही ठाऊक होते. थंडीच्या दिवसांत त्यांजवळ हात शेकले जात, असेही सांगतात. स्पेन्सर यांनी मात्र खिसा पुसून काम पुढे सुरू केले नाही. त्यांनी मक्याचे दाणे मागवले आणि नळीसमोर धरले. थोड्याच वेळात प्रयोगशाळेत लाह्या उडू लागल्या.

दुसरा प्रयोग अंड्याचा होता. नळीसमोर ठेवलेले अंडे हादरू लागले आणि पाहण्यासाठी जवळ वाकलेल्या सहकाऱ्याच्या तोंडावर फुटले. ओव्हनच्या पुस्तिकेतील एका सूचनेचे मूळ या प्रसंगात सापडते. या लहरी अन्नाच्या पृष्ठभागावर थांबत नाहीत; काही सेंटिमीटर आत शिरतात. अंड्याच्या आतील पाण्याची वाफ होते, कवच तिला बाहेर जाऊ देत नाही आणि अंडे फुटते. घट्ट झाकणाचा डबा, न टोचलेला बटाटा किंवा टोमॅटो यांच्या बाबतीतही हेच घडू शकते. म्हणून झाकण सैल ठेवावे आणि सालीच्या भाज्यांना काट्याने भोके पाडावीत.

हे तापणे शेगडीवरील तापण्यापेक्षा वेगळे आहे. शेगडीची उष्णता भांड्यातून अन्नात जाते. मायक्रोवेव्हमध्ये लहरींचे विद्युत क्षेत्र एका सेकंदात सुमारे २४५ कोटी वेळा आंदोलन करते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. त्यामुळे अन्नातील पाण्याचे रेणू या क्षेत्राबरोबर वळण्याचा प्रयत्न करतात, शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. काच आणि चिनी माती लहरींना आरपार जाऊ देतात. ही भांडी तापतात ती मुख्यतः आतील अन्नामुळे. धातू मात्र लहरी परतवतो. स्टीलच्या डब्यातील भात म्हणूनच गरम होत नाही, आणि धातूच्या कडांवर ठिणग्या पडण्याची भीती असते ती वेगळीच. सोनेरी वा रुपेरी काठाच्या बश्याही याच कारणाने टाळाव्या लागतात.

कोरडी पोळी ओव्हनमध्ये चिवट का होते आणि भाजणीसारखा खमंगपणा का येत नाही, याचेही उत्तर पाण्यातच आहे. पाणी असेपर्यंत अन्नाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे पुढे जात नाही आणि तांबूस रंग येण्यासाठी त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. कन्व्हेक्शन किंवा ग्रिल असलेल्या ओव्हनमध्ये त्यासाठी स्वतंत्र तापक बसवलेला असतो.

धातूची पेटी

लहरी मोकळ्या हवेत सोडल्या तर त्यांची शक्ती वाया जाते आणि जवळच्या माणसालाही इजा होऊ शकते. स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या धातूच्या बंद पेटीत सोडल्या. पेटीच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी अन्नातच जिरू लागल्या. मायक्रोवेव्ह लहरींनी अन्न तापवण्याच्या पद्धतीसाठी ८ ऑक्टोबर १९४५ रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला आणि २४ जानेवारी १९५० रोजी ते मंजूर झाले.

या पेटीने एक अडचणही आणली. परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून काही ठिकाणी बळावतात, तर काही ठिकाणी क्षीण होतात. त्यामुळे वाटीतील आमटी एका बाजूला उकळते आणि दुसऱ्या बाजूला कोमट राहते. फिरती काचेची थाळी या दोषावरील उपाय आहे. थाळीखालची चाकांची कडी नीट बसवणे, वाटी थाळीच्या मध्यापासून थोडी बाजूला ठेवणे, मध्येच ढवळणे आणि शेवटी दोन मिनिटे तसेच राहू देणे, यांमुळे उष्णता सर्वत्र पोहोचते. शिळे अन्न गरम करताना ही काळजी आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दरवाजाच्या काचेतील जाळी हीदेखील त्या पेटीची एक भिंतच आहे. जाळीची भोके एक-दोन मिलिमीटरची आणि लहर सुमारे १२ सेंटिमीटरची. प्रकाश बाहेर येतो, लहर येऊ शकत नाही. दरवाजा उघडताच आतील स्विच मॅग्नेट्रॉन बंद करतात आणि दिवा मालवल्यावर उजेड जावा तशा लहरी नाहीशा होतात. अन्नात त्यांचा अंश राहत नाही. क्ष-किरणांप्रमाणे अणूंतील इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याची शक्ती या लहरींत नसते. त्यांचा धोका मुख्यतः भाजण्याचा असतो. अमेरिकेने १९७१ मध्ये लागू केलेल्या नियमानुसार ओव्हनपासून पाच सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅटपेक्षा जास्त गळती होता कामा नये, अशी मर्यादा आहे. मात्र दरवाजा वाकला असेल, बिजागरी सैल असेल किंवा दरवाजा नीट मिटत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन वापरू नये.

माणसाच्या उंचीचा ओव्हन

१९४७ मध्ये रेथिऑनने पहिला व्यावसायिक ओव्हन बाजारात आणला. कर्मचाऱ्यांमध्ये घेतलेल्या स्पर्धेतून त्याला रडारेंज हे नाव मिळाले. तो सुमारे १.८ मीटर उंच आणि जवळपास ३४० किलो वजनाचा होता. मॅग्नेट्रॉन थंड ठेवण्यासाठी त्याला पाण्याची नळजोडणी लागत असे आणि किंमत हजारो डॉलरच्या घरात होती. साहजिकच तो मोठी उपाहारगृहे, जहाजे अशा ठिकाणांपुरताच राहिला. १९५५ मध्ये टॅपन या कंपनीने रेथिऑनच्या परवान्याने घरगुती ओव्हन आणला. १,२९५ डॉलर ही त्याची किंमत सामान्य कुटुंबाला परवडणारी नव्हती. पुढे लहान आणि स्वस्त मॅग्नेट्रॉन तयार करण्यात जपानमधील अभियंत्यांचाही मोठा वाटा होता. १९६५ मध्ये रेथिऑनने अमाना ही घरगुती उपकरणांची कंपनी विकत घेतली आणि १९६७ मध्ये ओट्यावर मावणारा ओव्हन ४९५ डॉलरला विक्रीस आला.

पाण्याच्या नळाची जागा आता पंख्याने घेतली आहे. घरातील ८०० वॅटचा ओव्हन विजेच्या तारेतून सुमारे १,२०० वॅट घेतो. उरलेल्या शक्तीची यंत्रातच उष्णता होते. ती बाहेर पडण्यासाठी मागे, वर आणि बाजूंना पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा ठेवावी लागते. ओव्हनवर कापड अंथरून डबे रचल्यास हवेची वाट बंद होते. त्याला सपाट, भक्कम जागा आणि अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा. फ्रिज आणि ओव्हन एकाच जोडपट्टीवर लावू नयेत.

आतील बाजूच्या भिंतीवर अभ्रकाचा एक पातळ तुकडा बसवलेला असतो. खोक्यातील वेष्टन समजून तो अनेकदा काढून टाकला जातो. प्रत्यक्षात मॅग्नेट्रॉनकडून येणाऱ्या मार्गाचे ते झाकण असते. त्यामुळे वाफ आणि तेलाचे शिंतोडे आत जात नाहीत. पहिल्या वापराच्या वेळी काचेच्या भांड्यात २५० मिलिलिटर पाणी ठेवून एक मिनिट पूर्ण शक्तीवर ओव्हन चालवावा. ८०० वॅटच्या ओव्हनमध्ये पाण्याचे तापमान साधारण ४० अंशांनी वाढले, तर जोडणी ठीक आहे असे समजावे. आत पाणी किंवा अन्न नसेल तर लहरी जिरायला जागा उरत नाही, त्या मॅग्नेट्रॉनकडेच परततात आणि त्याचे नुकसान होते. गुळगुळीत पेल्यातील पाणी फार वेळ तापवल्यास बुडबुडे न येताच ते उत्कलनबिंदूपलीकडे जाऊ शकते आणि हलवताच उसळते. म्हणून त्यात आधीच लाकडी चमचा ठेवणे सुरक्षित असते.

भारताशी नाते

मायक्रोवेव्हच्या इतिहासात भारताचे स्थान स्पेन्सर यांच्या बालपणाइतकेच जुने आहे. स्पेन्सर वर्षभराचे असतील-नसतील, त्या सुमारास, १८९५ मध्ये, जगदीशचंद्र बोस यांनी कोलकाता येथे काही मिलिमीटर लांबीच्या लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले होते. भिंतींच्या आरपार गेलेल्या या लहरींनी दूरवरची घंटा वाजवली. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राजेश्वरी चटर्जी आणि त्यांचे पती शिशिरकुमार चटर्जी यांनी मायक्रोवेव्ह अभियांत्रिकीच्या संशोधनाची पायाभरणी केली. राजेश्वरी यांनी १९५३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. बेळ्ळंदूरच्या स्वयंपाकघरांतील यंत्रामागचे शास्त्र याच शहरात अनेक दशके शिकवले जात आहे.

दोन डॉलरचे मानधन

शोधाच्या बदल्यात स्पेन्सर यांना रॉयल्टी मिळाली नाही. पेटंट मिळवणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कंपनी त्या काळी दोन डॉलर देत असे. तेवढीच रक्कम त्यांनाही मिळाली. असे असले तरी ते कंपनीत वरिष्ठ उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले आणि संचालक मंडळावरही त्यांची निवड झाली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. प्राथमिक शाळेचा दाखला नसलेल्या या अभियंत्याकडे नामांकित विद्यापीठांचे पदवीधर सल्ल्यासाठी येत असत.

सप्टेंबर १९७० मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ओट्यावरचा ओव्हन बाजारात येऊन त्या वेळी तीनच वर्षे झाली होती. तो घरोघरी पोहोचलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक गौरव सभागृहात त्यांच्या नावाचा समावेश करण्यात आला.

बेळ्ळंदूरच्या एखाद्या घरात ओव्हनची घंटा वाजते, वाटी बाहेर येते आणि घाईत जेवण उरकते. या यंत्राची पुस्तिका शांतपणे वाचायला अर्धा तास पुरतो. रात्रीच्या पहाऱ्यावर पुस्तके वाचून शिकलेल्या माणसाच्या शोधासाठी तेवढा वेळ काढणे जड जाऊ नये. तो अर्धा तास सत्कारणी लागतो; कारण सूचनेमागचे कारण कळले की ती पाठ करावी लागत नाही.